अंगात येणं सैलानीला, ‘रिलीज’ होणं बेसात

बेसात राहत असाल तर तुमच्याही फोनवर ती जाहिरात आली असेल. पांढरे कपडे, मंद संगीत, मांडी घालून बसलेले दहा-बारा जण आणि खाली दोन ओळी: तुमचा ट्रॉमा मनात नाही, शरीरात अडकलाय. शनिवार-रविवार या आणि तो सोडून द्या. नाव कधी ‘सोमॅटिक हीलिंग’ असतं, कधी ‘ब्रेथवर्क’, कधी ‘नर्व्हस सिस्टिम रीसेट’. माल बहुतेक वेळा एकच.

या जाहिरातीतली पहिली ओळ बरीचशी खरी आहे. दुसरी धोकादायक आहे. आणि पहिलीच्या जोरावर दुसरी विकली जातेय, माझं भांडण त्याच्याशी आहे.

आधी खऱ्याबद्दल. दुःख शरीरात राहतं हे मराठी माणसाला अमेरिकेकडून शिकायची गरज नव्हती. आपल्या पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, कंठ दाटतो, काळजाचं पाणी होतं. आपल्या आया-आज्या डॉक्टरकडे जाऊन ‘मला उदास वाटतं’ असं क्वचितच म्हणाल्या. त्या म्हणाल्या, डोकं जड होतं, अंग मोडून येतं, जीव घाबरतो. डॉक्टरने ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

विज्ञानही हेच सांगतं, फक्त वेगळ्या शब्दांत. धोका दिसला की ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतं, हृदय जोरात चालतं, स्नायू ताणले जातात. धोका टळला की हे सगळं खाली यायला हवं. पण ज्या मुलीच्या घरात रोज रात्री दार आपटत होतं, तिचं शरीर वीस वर्षांनीही दाराच्या आवाजाला दचकतं. तिला ‘विसरून जा’ म्हणून उपयोग नसतो, कारण ती आठवण काढत बसलेली नसते. तिच्या आधी तिचं शरीर दचकलेलं असतं.

म्हणून शरीराकडून सुरुवात करणारे उपचार ही थाप नाही. बेसेल व्हॅन डर कोल्क या मनोविकारतज्ज्ञाने 2014 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. 64 स्त्रिया, सगळ्यांना आघातानंतरचा दीर्घ त्रास, आणि आधीच्या उपचारांनी फारसा गुण आलेला नाही. निम्म्यांना दहा आठवडे, आठवड्याला एक तास योग दिला, उरलेल्यांना आरोग्यशिक्षणाचे वर्ग. शेवटी योगाच्या गटातल्या 31 पैकी 16 जणी त्या आजाराच्या निकषांत बसेनाशा झाल्या. दुसऱ्या गटात 29 पैकी 6. गुण आला, पण दहा आठवड्यांत आला. दर वेळी एक तास, संथपणे. आणि त्या निबंधाच्या शीर्षकातच योगाला ‘पूरक उपचार’ म्हटलंय. ‘दोन दिवसांत मुक्ती’ असं त्यात कुठेही नाही.

डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणाऱ्या ईएमडीआर या पद्धतीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2013 साली केली. तीही प्रशिक्षित माणसाने, पेशंटची तयारी पाहून, टप्प्याटप्प्याने करायची गोष्ट आहे.

आता आपल्याकडे काय होतं ते पाहा. आमच्या स्कीमच्या क्लबहाऊसमध्ये असंच एक शिबिर झालं. सगळ्यांना गाद्यांवर झोपवलं, ढोलाच्या तालावर तोंडाने जोरजोरात, न थांबता श्वास घ्यायला लावला. वीसेक मिनिटांत एका बाईंचे हात कोंबडीच्या पायासारखे आत वळले, बोटं आखडली. ओठ बधिर झाले, अंग थरथरायला लागलं, त्या ओक्साबोक्शी रडायला लागल्या. शिबिर घेणारा खूश. म्हणाला, बघा, लहानपणापासून धरून ठेवलेलं बाहेर पडतंय. टाळ्या झाल्या.

त्या बाईंच्या रडण्यामागे खरं दुःख असेलही. पण हात वळणं हा ट्रॉमा बाहेर पडण्याचा पुरावा नव्हता. गरजेपेक्षा जोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. रक्त थोडं अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम घटतं आणि स्नायू आखडतात, मुंग्या येतात. मेंदूकडे जाणारा रक्तपुरवठाही कमी होतो, म्हणून चक्कर येते, तरंगल्यासारखं वाटतं. सुखी बालपणाच्या माणसालाही असा श्वास घ्यायला लावा, त्याचेही हात वळतील. मिरगी असलेल्याला, हृदयविकार असलेल्याला, गरोदर बाईला, आधी कधी भास झालेल्या माणसाला हा खेळ महागात पडू शकतो. क्लबहाऊसमध्ये कुणालाही यातलं काहीच विचारलं नव्हतं. त्या बाई पुढचे तीन आठवडे नीट झोपल्या नाहीत. शिबिराच्या ग्रुपवर विचारलं तर उत्तर आलं, ‘प्रोसेसवर विश्वास ठेवा’ आणि पुढच्या लेव्हलच्या फीची माहिती.

नागपूरजवळ माहुरझरीला विपश्यनेचं केंद्र आहे. तिथेही शरीरातल्या संवेदनाच पाहायच्या असतात. पण दहा दिवसांच्या शिबिराच्या अर्जात तुमच्या मानसिक आजाराबद्दल आधी विचारतात, आणि त्या दहा दिवसांची फी नसते. विपश्यना सगळ्यांना झेपते असं मी म्हणत नाही. निदान प्रश्न विचारला जातो, एवढंच.

आता एक बोचरी तुलना. बुलढाणा जिल्ह्यात सैलानी बाबांचा दर्गा आहे. विदर्भ-मराठवाड्यातून माणसं आपल्या माणसांना घेऊन तिथे जातात. तिथे बाई केस सोडून घुमते, किंचाळते, जमिनीवर लोळते. आपण तिला अंधश्रद्ध म्हणतो. तीच थरथर, तेच रडणं एसी हॉलमध्ये योगा मॅटवर झालं की आपण तिला ‘सेल्फ-अवेअर’ म्हणतो. एकीच्या वाट्याला कीव येते, दुसरीच्या वाट्याला लाइक्स.

मी दर्ग्यांची वकिली करत नाहीये. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूत एरवाडीला आग लागली तेव्हा साखळदंडाने बांधलेले 28 मनोरुग्ण जळून मेले. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने माणसाला साखळीने बांधायला बंदी घातली, ती योग्यच आहे. पण वीडा स्कल्टान्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1987 साली महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिराबद्दल लिहिलेलं इथे आठवतं. तिथे घरातला आजारी माणूस एक असे, आणि अंगात येई ते त्याची काळजी वाहणाऱ्या बाईच्या. म्हणजे घराचा ताण कुणाच्या शरीरात जाऊन बसतो, हे त्या मंदिरात उघड दिसत होतं. अख्खं कुटुंब तिथे येऊन राहायचं. बेसातल्या शिबिरात तुम्ही एकटे जाता, एकटे थरथरता आणि एकटेच घरी येता.

माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच. ‘ट्रॉमा तुमच्या शरीरात आहे’ म्हणताना हे लोक हळूच सुचवतात की तो फक्त तिथेच आहे, आणि काढायची जबाबदारी तुमचीच. काही वर्षांपूर्वी बेसात शेतं होती, आता स्कीमवर स्कीम उभ्या आहेत. त्यांतल्या कितीतरी फ्लॅट्सवर वीस वर्षांचं कर्ज आहे. कुणी मिहानमध्ये रात्रपाळी करतं, कुणी आडनाव सांगितल्यावर घरमालकाचा चेहरा बदललेला पाहिलाय, कुणाला नवऱ्याची गाडी पार्किंगमध्ये शिरली की घाम फुटतो. या माणसाचं शरीर बिघडलेलं नाही. ते चालू असलेल्या धोक्याची बरोबर बातमी देतंय. मारणारा घरातच असेल तर बाईला ‘नर्व्हस सिस्टिम शांत करा’ सांगणं म्हणजे आग लागलेली असताना अलार्म काढून ठेवणं. तिला आधी सुरक्षित जागा हवी, वकील हवा, बहिणीच्या घराची किल्ली हवी. श्वास नंतर.

‘पण लोकांना बरं वाटतं ना?’ हो, वाटतं. चार माणसांत मोकळं रडलं की बरं वाटतंच. भजनातही वाटतं. त्याला आघाताचा उपचार म्हणू नका, त्याचे उपचारासारखे पैसे घेऊ नका, आणि मंगळवारी रात्री माणूस कोसळला तर फोन उचला.

मानसोपचारतज्ज्ञ हा नोंदणीकृत डॉक्टर असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. ‘सोमॅटिक हीलर’ व्हायला मात्र एक इन्स्टा अकाउंट पुरतं. म्हणून पैसे भरण्याआधी तुम्हीच विचारा. तुमची नोंदणी कुठे आहे? माझे आजार, माझी औषधं तुम्ही विचारणार का? मी मध्येच ‘थांबा’ म्हटलं, ‘हात लावू नका’ म्हटलं, तर थांबाल का? शिबिरानंतर मला त्रास झाला तर जबाबदार कोण? चांगला थेरपिस्ट या प्रश्नांनी सुखावतो. जो ‘तुमचा रेझिस्टन्स बोलतोय’ म्हणेल, त्याच्यासमोरून उठा.

आणि पैसे नसतील तर? मिहानमधलं एम्स बेसापासून फार लांब नाही. मेडिकलला मानसोपचार विभाग आहे. 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलतात. तिथे रांग असेल, गादी मऊ नसेल, संगीत तर नसेलच. पण 2017 च्या कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या मानसिक उपचारांचा हक्क तुम्हाला दिलाय. रांग लांब असेल तर ती कमी करा म्हणून नगरसेवकाच्या, आमदाराच्या मागे लागायचं असतं. आपण तेवढ्या वेळात वीकेंडचं शिबिर बुक करतो, आणि ज्याच्याकडे फीचे पैसे नाहीत तो सैलानीची बस पकडतो.