भीड आणि पोटरी

दिवाळी अंकात या सदराने काहीतरी खुसखुशीत द्यावे, अशी संपादकांची दरवर्षीची आज्ञा असते. यंदा माझ्यापाशी विषय आहे तो मात्र पायाच्या पोटरीचा. चकलीच्या घाण्याच्या वासात पोटरीची कथा वाचायला लावतो आहे, याची वाचकांनी क्षमा करावी. पण फराळाचे डबे बांधून आजी-आजोबांनी विमानाने नातवंडांकडे निघण्याचेही हेच दिवस असल्यामुळे विषय अगदीच अवेळी आहे असे नाही.

आमची अक्का गेल्या वर्षी लेकीचे बाळंतपण आटोपून न्यू जर्सीहून परत आली. वय अडुसष्ट, अंगाने भरलेली, उंचीने पाच फुटांच्या आतली. विमानात जागा मिळाली खिडकीशी. शेजारी दोन अनोळखी पुरुष, दोघेही गाढ झोपलेले. "त्यांना कसं रे उठवायचं? बरं दिसतं का ते?" म्हणून अक्का चौदा तासांत एकदाच काय ती उठली. उठावे लागू नये म्हणून पाणीसुद्धा तिने घसा ओला करण्यापुरतेच घेतले. घरी आल्यावर हे सारे तिने पराक्रम म्हणून सांगितले आणि आम्हीही "वा!" म्हणून ऐकले.

तिसऱ्या दिवशी तिची डावी पोटरी दुखू लागली. संध्याकाळपर्यंत पाय सुजला, हाताला गरम लागू लागला. घरात निदान झाले की, बसून बसून पाय आखडला असणार. त्यावरचा उपचारही आपल्याकडे ठरलेला. मी तिळाचे तेल कोमट केले आणि पाट ओढून तिच्या पायाशी बसलो. इतक्यात आमचे डॉक्टर, जे खरे म्हणजे माझ्याकडून नेलेली पुस्तके परत द्यायला आले होते, दारातूनच ओरडले, "अहो, हात लावू नका!"

मी वाटी हातात धरून तसाच राहिलो. डॉक्टरांनी शिवणाच्या डब्यातली टेप मागवली आणि दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी उजवीपेक्षा साडेतीन सेंटिमीटरने जाड भरली. त्याच रात्री सोनोग्राफी झाली. पोटरीच्या आत, खोलवरच्या नीलेत रक्ताची गुठळी होती. "चोळताना तिचा तुकडा सुटला असता," डॉक्टर नंतर मला म्हणाले, "तर तो हृदयातून थेट फुप्फुसात जाऊन अडकू शकला असता. मग कधी कधी आम्हाला काही करायला वेळच मिळत नाही." त्या रात्री मला झोप आली नाही. तेलाची ती वाटी मी पुढे कित्येक दिवस फडताळात मागे ढकलून ठेवली होती.

अक्का बरी झाली. रक्त गोठू न देणारे औषध तीन महिने घ्यावे लागले. मी मात्र डॉक्टरांच्या मागे लागून हे प्रकरण समजून घेतले, ते असे.

हृदय रक्त पायाकडे ढकलते खरे, पण परतीची वाट चढणीची. तेथे कामाला येते ती पोटरी. पाऊल टाकले की पोटरीचे स्नायू आवळतात आणि नीलांमधले रक्त वर रेटतात. ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून नीलांत लहान लहान झडपा असतात. त्या झडपा कशासाठी आहेत हे विल्यम हार्वे याने 1628 साली आपल्या ग्रंथात सांगून ठेवले आहे. माणूस तासन्‌तास पाय लोंबते ठेवून बसला की हा रहाट थांबतो, रक्त साचते आणि साचलेले रक्त गोठू पाहते. त्यात अक्कासारख्या बुटक्या माणसाचे पाय खाली टेकत नाहीत, आसनाची कडा मांडीखाली रुतते आणि तेथेही वाट दबते.

आणि हा विमानाचा शाप म्हणावा, तर तसेही नाही. 1940 साली लंडनवर बाँब पडत असताना लोक रात्रीच्या रात्री निवाऱ्यांत कापडी घडीच्या खुर्च्यांवर बसून काढीत. बाँबपासून वाचलेली माणसे सकाळी उठून चालू लागताच अचानक कोसळू लागली. डॉ. कीथ सिम्पसन यांनी शवविच्छेदन करून दाखवले की, पायात झालेली गुठळी फुप्फुसात गेली होती. खुर्चीचा आडवा दांडा मांडीखाली दाबत होता. पुढे 1954 साली बॉस्टनच्या डॉ. जॉन होमन्स यांनी नुसत्या बसण्याने झालेल्या गुठळ्यांची जी उदाहरणे छापली, त्यांत विमानातले प्रवासी होते, मोटारीतले होते आणि नाटक पाहायला बसलेला एक गृहस्थही होता. आमच्या वाडवडिलांनी पहाटेपर्यंत संगीत नाटके पाहिली, ती अंकाअंकाला चहासाठी उठत म्हणून निभावली असावीत, असे मला आता वाटते.

घाबरून तिकीट रद्द करण्याचे मात्र कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणे चार तासांहून लांबच्या प्रवासात, मग तो विमानाचा असो, आगगाडीचा असो की बसचा, हा धोका सुमारे दुप्पट होतो. पण धडधाकट माणसाला तो सहा हजारांत एक एवढाच आहे. जास्त जपायचे ते ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे, नुकतेच ऑपरेशन झाले आहे, कर्करोग आहे, ज्या गरोदर किंवा ओल्या बाळंतीण आहेत, किंवा ज्या संततिनियमनाच्या गोळ्या घेतात त्यांनी. अशांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. गुडघ्यापर्यंतचे दाबाचे पायमोजे मिळतात आणि ते उपयोगी पडतात, पण माप घेऊन, आणि पायाच्या रोहिण्या खराब असतील तर मुळीच नाही. शेजारच्या नानांनी सांगितले म्हणून अ‍ॅस्पिरिन घेऊन निघू नये. झोपेची गोळी तर नकोच. माणूस वेडावाकडा निजून सहा तास हलतच नाही.

बाकी सगळे फुकटचे आहे. मधल्या वाटेकडची जागा मागून घ्यावी. बसल्या बसल्या टाचा टेकवून चवडे उचलावेत, मग चवडे टेकवून टाचा. दर अर्ध्या तासाने वीसेक वेळा. पाय टेकत नसतील तर खाली घडी घातलेली शाल ठेवावी. दीड-दोन तासांनी उठून एक फेरी मारावी. पाण्याचा मोठा गुण मला विचाराल तर हाच की, ते प्यायले की उठावेच लागते! उतरल्यावर एकच पाय सुजला, दुखला, गरम लागला, तर ते चार दिवसांनी असो वा चार आठवड्यांनी, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा आणि तेलाची बाटली कपाटात राहू द्यावी. धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर घरी विचारविनिमय करीत न बसता सरळ इस्पितळात जावे.

पण हे सारे मी अक्काला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "चवडे हलवीन रे मी. पण लोकांना उठवायचं ते कसं?" खरी अडचण तीच होती. भीड भिकेची बहीण म्हणतात. आमच्या घरी ती आणखी कशाची बहीण होणार होती, ते मी अक्कासमोर बोललो नाही.

यंदा डॉक्टरांची परवानगी, मापाचे पायमोजे आणि वाटेकडची जागा घेऊन अक्का पुन्हा नातीकडे गेली. पोहोचल्यावर फोन आला. खिडकीशी एक तरुण मुलगी पाय पोटाशी घेऊन चार तास हललेली नव्हती, मध्ये एक जाडजूड गृहस्थ. अक्काने दर दोन तासांनी दोघांनाही उठवून फेरी मारायला लावली म्हणे.

"रागावले नाहीत?" मी विचारले.

"मुलीनं उतरताना नमस्कार केला. तो गृहस्थ मात्र तिसऱ्या खेपेला झोपेचं सोंग घेऊन पडला. मी त्याला हलवलंच."