परवाना आकाशाचा, तारण जमिनीचे

अमरावतीजवळ बेलोरा येथे वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारण्याची घोषणा एअर इंडियाने २०२४ मध्ये केली, तेव्हा वऱ्हाडाला आनंद होणे स्वाभाविक होते. परंतु अकोल्याच्या जुन्या शहरातील कारकुनाच्या मुलाला ते दार उघडेल काय? खासगी परवान्यास ४० तासांचे उड्डाण लागते. मात्र त्यावर वेतन घेता येत नाही. उपजीविकेच्या व्यावसायिक परवान्यास २०० तास, तर मोठ्या विमानाच्या कप्तानपदासाठी लागणाऱ्या परवान्यास १५०० तास. वय, प्रकृती, परीक्षा या अटी सर्वांना समान आहेत. परंतु व्यावसायिक परवान्यापर्यंतचा खर्च कित्येक लाखांच्या घरात जातो आणि मोठ्या कर्जासाठी बँक तारण मागते. गहाण ठेवण्यास शेत वा घर नसलेल्याची गुणवत्ता धावपट्टीवरच अडते. अशा गुणवंतांच्या कर्जास शासनाने हमी द्यावी. अन्यथा वऱ्हाडाच्या वाट्याला विमानांचा केवळ आवाजच येईल.