दर पॉइंटचा, हिशेब भिंतीतला

घराला रंग काढायचा असला की चार रंगाऱ्यांकडून दर मागवावेत आणि कमी सांगेल त्याला काम द्यावे, यात फारसे बिघडत नाही. रंग वाईट निघाला तर तो डोळ्यांना दिसतो. विजेच्या तारांचे तसे नाही. त्या गिलाव्याखाली गाडल्या जातात आणि काम कच्चे झाले होते हे कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. तरीही जुन्या घराचे वायरिंग बदलताना आपण मध्यमवर्गीय माणसे दरपत्रकाच्या शेवटच्या ओळीवरच बोट ठेवतो. ही सवय आपल्याला तर महागात पडतेच, पण ती प्रामाणिक कारागिरालाही बाजारातून हुसकावून लावते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमचे पुण्यातले घर १९६८ सालचे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लाकडी पट्टीवरून नेलेल्या ॲल्युमिनियमच्या तारा, चिनी मातीचे फ्यूज आणि खोलीत एक दिवा, एक पंखा, एक प्लग. आता त्याच तारांवर दोन हजार वॉटचा गीझर म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअरचा प्रवाह, शिवाय फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन. ॲल्युमिनियमच्या जोडावर गंज धरतो, तापून-थंडावून स्क्रू सैल होतो आणि सैल जोड आणखी तापतो. बोर्ड काळवंडू लागला तेव्हा घरात ऐंशीच्या पुढची दोन माणसे आहेत, याची आठवण कोणी करून द्यावी लागली नाही.

तीन जणांनी घर पाहून दर दिले. पहिल्याचा आकडा ५५ हजार, दुसऱ्याचा ७८ हजार आणि तिसऱ्याचा १ लाख १२ हजार. पहिल्याने एका ओळीत लिहिले होते : ‘३८ पॉइंट, मटेरियलसह’. तिसऱ्याची तीन पाने होती. शेजाऱ्यांपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांचे एकमत झाले की तिसरा माणूस लुटारू आहे.

मी मग एक साधी गोष्ट केली. तिसऱ्याच्या तीन पानांतून प्रश्न काढले आणि तेच तिघांनाही विचारले. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, सोळा अँपिअरच्या प्लगला अडीचची आणि गीझर व एसीला चारची स्वतंत्र लाइन धरली आहे का? मीटरपासून आत येणारी मुख्य तार बदलणार का? अर्थिंग नवे करणार, की जुन्यालाच जोडणार? प्रत्येक प्लगपर्यंत अर्थची हिरवी तार जाणार का? आरसीसीबी बसवणार का? भिंतीला मारलेल्या झिऱ्या कोण बुजवणार? बोर्डावरचा प्लग पूर्ण पॉइंट धरला आहे, की अर्धा? आणि काम संपल्यावर मेगरने तपासणी करून आकडे लिहून देणार का?

उत्तरे धरून नवे आकडे आले : ९८ हजार, १ लाख ४ हजार आणि तोच १ लाख १२ हजार. ५७ हजारांची तफावत १४ हजारांवर आली. म्हणजे पहिला स्वस्त नव्हता, त्याने बरेच काही सांगितलेच नव्हते. काम निम्मे झाल्यावर ‘साहेब, हे त्यात धरलं नव्हतं’ हे वाक्य ऐकायला मिळाले असते आणि उघड्या भिंतींसमोर घासाघीस करायची ताकद कोणात असते?

यातली आरसीसीबी ही गोष्ट पुष्कळांना चैन वाटते. एमसीबी असताना आणखी कशाला? पण एमसीबी तारेचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. सोळा अँपिअरच्या एमसीबीला माणसाला बसलेला धक्का जाणवतही नाही, कारण जीव जायला अँपिअरचा काही शतांश भाग पुरतो. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला प्रवाह ताडून पाहते आणि ३० मिलिअँपिअरची गळती दिसली की पुरवठा तोडते. जुन्या घरात ती वारंवार पडते, तेव्हा काही वायरमन ती काढूनच टाकतात. पडते याचा अर्थ बहुधा गळती आहे. शोधायची ती गळती.

महाग तेच चांगले, असे मात्र मुळीच नाही. तिसऱ्याच्या दरात चकचकीत मॉड्युलर स्विचेसची किंमत बरीच होती. ते मी साधे, आयएसआय चिन्हाचे घ्यायला सांगितले आणि रक्कम खाली आली. काटकसर करायचीच तर ती दिसणाऱ्या वस्तूंत करावी, भिंतीत जाणाऱ्या वस्तूंत नव्हे. स्विच उद्या बदलता येतो. एकदम एवढा खर्च झेपत नसेल त्याने अर्थिंग, आरसीसीबी आणि गीझरची लाइन आधी करावी, बाकीचे पुढच्या वर्षी.

आणखी एक प्रश्न विचारायला आपण संकोचतो, तो परवान्याचा. घरगुती वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदारानेच करावे, हा नियम १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासून आहे आणि आजच्या नियमांतही तो कायम आहे. प्रत्यक्षात आपण सही परवानेवाल्याची घेतो आणि काम दुसऱ्याच कोणाकडून करून घेतो.

नीट काम करणारा माणूस सगळे लिहून देतो म्हणून त्याचा आकडा मोठा दिसतो आणि मोठा दिसतो म्हणून काम न लिहिणाऱ्याला मिळते. दोन-चारदा असे झाले की तोही एका ओळीत दर द्यायला शिकतो. मग ‘हल्ली चांगले कारागीरच उरले नाहीत’ म्हणून आपण हळहळतो. ज्याने तीन पाने लिहायला संध्याकाळ घालवली, ती वाचायला आपण अर्धा तास तरी द्यायला हवा. ‘किती घेणार?’ हा प्रश्न त्यानंतरचा.