लिटरभर पाण्याची परीक्षा

आमच्या शेजारचा मुलगा दिवाळी झाली की इंटर्नशिपसाठी खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाणार आहे. त्याची तयारी मी आठवडाभर पाहतो आहे. आईने चकल्यांचा डबा वेगळा काढला, वडिलांनी मच्छरदाणी आणली आणि चिरंजीवांनी पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या पुस्तकांनी अख्खी बॅग भरली. ‘तिकडे काम असं काही नसतं, काका. वाचायला निवांत वेळ मिळतो,’ असे तो मोठ्या समाधानाने सांगत होता.

ऐकून माझ्या तोंडचा लाडू कडू झाला. राग त्या मुलावर नाही. त्याला असे शिकवून पाठवणाऱ्या आपणां सर्वांवर आहे.

काम नसते म्हणे! मीही असाच शहाणा होऊन एका खेड्यात गेलो होतो. जुलाबाने मलूल झालेले पोर मांडीवर घेऊन बसलेल्या बाईच्या हाती मी जलसंजीवनीची पुडी दिली आणि ऐटीत सांगितले, ‘एक लिटर पाण्यात घाला.’ ती म्हणाली, ‘लिटर म्हंजी किती तांबे वो, डागदरसायब?’ असा प्रश्न मला एकाही परीक्षकाने विचारला नव्हता! मी गडबडलो. शेवटी नर्सबाईंनी तिच्या घरी जाऊन लिटरच्या मापाने तिच्याच पातेल्यात पाणी ओतले आणि पाणी आले तिथे खिळ्याने खूण केली. पाणी कमी पडले तर क्षार वाढून पोराला अपाय; जास्त झाले तर औषधाचा गुण उणा. हे मला पुस्तकातून पाठ होते, पातेल्यावर मात्र येत नव्हते.

ही पुडी काय साधी आहे? १९७१ साली बनगावजवळ, बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज घातलेले पाणी पिंपांत भरून ठेवले व ते पाजण्याचे काम रोग्यांच्या नातलगांवर सोपवले. मृत्यू झपाट्याने कमी झाले. त्याच्या आदल्याच वर्षी आरोळे दांपत्याने जामखेडला काम मांडले आणि पुढे गावोगावच्या, अनेकदा निरक्षर असलेल्या बायांना आरोग्याचे शिक्षण देऊन उभे केले. या थोर डॉक्टरांनी माणसांवर विश्वास टाकला. आमचे चिरंजीव मात्र त्यांच्याकडे पाठ करून पुस्तक उघडणार!

कोणी म्हणेल, ‘अहो, स्पर्धा केवढी! मुलांनी अभ्यास करायचा कधी?’ अडचण खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. परंतु तिची किंमत त्या मांडीवरच्या पोराने का मोजावी? १९४६ साली भोर समितीने डॉक्टर हा समाजाचा वैद्य व्हावा म्हणून तीन महिन्यांच्या शिक्षणाची शिफारस केली. २०२१ च्या नियमांनी इंटर्नशिपमध्ये सामाजिक वैद्यकासाठी बारा आठवडे ठेवले. कागदावर आठवडे आहेत. पण तिथे जाऊन करायचे काय, कसे बसायचे, काय विचारायचे, हे कोणी शिकवायचे?

माझे मागणे मोठे नाही. जाण्यापूर्वी मुलांना चार दिवस आशाताईंबरोबर पायी घरोघर हिंडवा. गावचे पाणी कुठून येते, सरपण कोण आणते, बाजार कोणत्या वारी भरतो, ‘हगवण’ कशाला म्हणतात, हे त्यांनी गावाच्या तोंडून ऐकावे. उंबऱ्यात उभे राहून उपदेश न करता घोंगडीवर बसून आधी प्रश्न विचारावेत. आणि परीक्षा घ्यायचीच, तर ती घरच्या तांब्यावर घ्या.

वाचकहो, तुमच्याही घरी असा एखादा होऊ घातलेला डॉक्टर फराळाला बसला असेल. त्याच्या पानाशेजारच्या तांब्याकडे बोट करून सहज विचारा, ‘बाळ, असे किती तांबे म्हणजे एक लिटर?’ तो अडखळला, तर पुस्तकांची बॅग उतरवून ठेवा. त्याची तयारी अजून व्हायची आहे.