ऐच्छिक विषय : इच्छा कोणाची?

शाळेचे नवे वर्ष उघडले म्हणजे मुलांच्या हाती विषय निवडण्याचा कागद पडतो व त्यावर ‘ऐच्छिक’ हा मोठा गोड शब्द छापलेला असतो. परंतु ज्या शाळेत कार्यशाळा नाही, विजेच्या जोडणीचे साहित्य नाही आणि ते शिकविणारा शिक्षकही नाही, तेथील मुलाने इच्छा तरी कशाची करावी? पंगतीस बसवून पानावर एकच पदार्थ वाढावा आणि ‘आवडेल ते घ्या’ असे म्हणावे, तर त्या आग्रहास जी किंमत, तीच या ऐच्छिकपणास! माध्यमिक शाळांतील विज्ञान व तंत्रविषयांची पुष्कळ ठिकाणी हीच गत असल्यामुळे आमच्या वाचकांचे लक्ष तिकडे वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हा प्रश्न काल-परवा उपजलेला नाही. १८८२ साली नेमलेल्या हंटर कमिशनने हायस्कुलांच्या वरच्या वर्गांत दोन वाटा असाव्यात अशी शिफारस केली. एक विश्वविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेकडे नेणारी, व दुसरी व्यापार आणि इतर व्यवहारोपयोगी धंद्यांकडे नेणारी. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळा सुचविल्या व विषयांचे सात गट पाडून त्यांत विज्ञानाबरोबर तंत्रविषय आणि शेती यांसही स्वतंत्र स्थान दिले. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा आग्रह धरला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तर पुस्तकी व व्यावसायिक शिक्षणातील भिंतच पाडावयास सांगितली, आणि सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर बाजूस ठेवून स्थानिक कारागिरांजवळ शिकावे असे सुचविले. एकशेचाळीस वर्षांत वैद्य बदलले, पण औषध बहुतेक तेच. मग रोग्यास गुण का येत नाही?

आमच्या मते औषधात खोट नाही. ते पोटात गेलेच नाही. बहुउद्देशीय शाळा निघाल्या, पण त्यांस लागणारे शिक्षक तयार करण्याकरिता अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथे प्रादेशिक महाविद्यालये निघावयास १९६३ साल उजाडले. म्हणजे शाळा आधी आणि गुरुजी मागाहून! साधनांची कथाही तीच. ओहमचा नियम मुलगा घडाघडा म्हणून दाखवितो, पण घरातील दिवा विझला की वायरमनची वाट पाहत अंधारात बसतो. सर्वांत मोठा अपराध मात्र आमचा, पालकांचा आहे. ज्यास गणित साधत नाही त्याने तांत्रिक विषय घ्यावा, असा समज आम्हीच रूढ केला. जो विषय दुबळ्यांचा आसरा ठरला, त्याकडे हुशार मुलगा वळेल कसा?

ही अडचण दुस्तर आहे असे मात्र कोणी म्हणू नये. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथे घडलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आठवी ते दहावीच्या मुलामुलींकडून आठवड्यातील एक दिवस हाताने काम करवून घेतो. लोखंडाचे जोडकाम, वीज व ऊर्जा, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे त्याचे चार भाग आहेत. कोन साधून लोखंड कापणारा मुलगा भूमिती शिकतो. मालाचा अंदाज काढणारी मुलगी त्रैराशिक शिकते. रक्तातील हिमोग्लोबिन तपासताना जीवशास्त्र पुस्तकाबाहेर येते. सारांश, विज्ञान व हातकाम हे दोन विषय नव्हेत. एकाच ज्ञानाची ती दोन टोके आहेत.

येथे एक आक्षेप निघेल व तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या देशात धंदा जातीस बांधलेला होता, तेथे शाळेतच मुलांच्या दोन वाटा केल्या, तर सुताराचा मुलगा पुन्हा रंध्याकडे व कारकुनाचा मुलगा पुन्हा लेखणीकडे जाणार नाही काय? मुलांस शिवणकाम व मुलींस यंत्रकाम कोण देईल? ही भीती खरी आहे, म्हणूनच आमचे दोन आग्रह आहेत. निवडीपूर्वी आठवी-नववीत हे हातकाम सर्वांस सक्तीचे असावे. वकिलाच्या मुलासही आणि प्रत्येक मुलीसही. आणि तंत्रविषय घेणाऱ्याकरिता उच्च शिक्षणाचे दार कधीही बंद होऊ नये. ज्याने दोन्ही चाखले त्याचीच निवड ही निवड. एरवी ती बापजाद्यांची वहिवाट होय.

आता व्यापारी बंधूंस दोन शब्द. ‘कामाचा माणूस मिळत नाही’ अशी आपली नेहमीची तक्रार असते. पण आपल्या छापखान्यात, मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात अथवा गिरणीत शाळेच्या किती मुलांनी पाऊल टाकले आहे? प्रत्येक शाळेस सर्व यंत्रे घेण्याचे सामर्थ्य नाही. परंतु गावात ती आहेत व ती चालविणारे कुशल हातही आहेत. आठवड्यातून एक सकाळ, धोक्याच्या यंत्रांपासून मुलांस सुरक्षित अंतरावर ठेवून व शिक्षकास बरोबर घेऊन, आपण दार उघडे ठेवाल तर शाळेची निम्मी अडचण दूर होईल. मात्र मुलगा शिकावयास येतो, फुकट राबावयास नव्हे, हे ध्यानात असावे.

पालकांनीही शाळेत जाऊन गुणांची चौकशी करण्यापूर्वी कार्यशाळेची किल्ली कोणाजवळ आहे व ती किती दिवसांत वापरली नाही, हे एकदा विचारावे. कुलूप गंजलेले आढळल्यास ते उघडविणे सरकारच्या हाती जितके आहे, तितकेच आपल्याही हाती आहे.