'फेमस' मुलगी आणि आपण सगळे

मागच्या रविवारी ताईकडे जेवायला गेलो होतो. टीव्हीवर 'टाइमपास' लागला होता. कितव्यांदा ते विचारू नका. दगडू प्राजक्ताच्या मागे मागे फिरतोय आणि घरातले सगळे, अगदी सत्तरीची आईसुद्धा, खळखळून हसतायत. फक्त नववीतली भाची ताट तसंच ठेवून आत गेली. का गेली ते सगळ्यांना माहीत होतं. कोणी काही बोललं नाही.

झालं होतं असं. क्लासमधल्या एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला ग्रुप फोटो काढला. कोणीतरी त्यातून भाची आणि शेजारी उभा असलेला मुलगा एवढेच कापून घेतले, वर बदाम चिकटवला आणि ग्रुपवर टाकला. दोन दिवसांत तो फोटो पालकांच्या ग्रुपवरही पोचला. क्लासच्या सरांनी दोन्ही घरांना बोलावलं. निर्णय काय झाला? मुलीची बॅच बदलली. मुलगा होता तिथेच आहे. आणि मुलांच्या भाषेत तो आता 'फेमस' आहे. भाचीही फेमसच आहे म्हणा. फक्त या शब्दाचा अर्थ दोघांसाठी एक नाही.

आता कोणी म्हणेल, हे हल्लीच्या मोबाइलमुळे. तर थोडं आमच्याबद्दल सांगतो. मी रमणबागेचा. आमच्या वेळी तिथे फक्त मुलं होती. मुलींची अहिल्यादेवी शाळा याच शनिवार पेठेत, चालत काही मिनिटांवर. शाळा सुटली की सायकली घेऊन आमच्या त्या बाजूला उगाच चकरा. काम काही नाही, चेन मात्र नेमकी तिथेच पडायची. एखादा पोरगा अमुक एकीच्या मागे आहे असं कळलं की वर्गात त्याचा भाव वाढायचा. डब्यातला पहिला घास त्याला. त्या मुलीचं पुढे काय व्हायचं? खरं सांगतो, आम्हाला कधी कळलं नाही. आणि आम्ही कधी विचारलंही नाही. फोटो नव्हता, व्हॉट्सॲप नव्हतं, हिशोब मात्र हाच होता.

हाच हिशोब आपल्या सिनेमांत दिसतो. 'शाळा' बघा. सुजय डहाकेचा सिनेमा, मिलिंद बोकीलांच्या कादंबरीवरचा. अतिशय हळवा आणि प्रामाणिक, माझा आवडता. पण गोष्ट मुकुंद जोशीची. शिरोडकर आपल्याला दिसते ती त्याच्या डोळ्यांतून. पुढे 3 जानेवारी 2014 ला रवी जाधवांचा 'टाइमपास' आला आणि त्याने तोवरचे कमाईचे विक्रम मोडले. नायिका पुन्हा केतकी माटेगावकरच. गोष्ट मात्र दगडूची. डायलॉग त्याचे, टाळ्या त्याला. प्राजक्ताच्या वाट्याला वडिलांचा धाक.

त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, 14 फेब्रुवारीला, नागराज मंजुळेंचा 'फँड्री' आला. तिथेही शाळेतला मुलगा शालूच्या मागे झुरतो. पण जब्याच्या वाट्याला भाव येत नाही, जात येते. कोण कोणाच्या मागे लागू शकतो हेही आपल्याकडे आधीच ठरलेलं असतं, हे त्या सिनेमाने तोंडावर सांगितलं. आपण पुण्यात 'टाइमपास'ला हसलो आणि 'फँड्री'ला गप्प बसलो. दोन्ही एकाच हिवाळ्यात.

अमेरिकेतल्या शाळांवरचे सिनेमे आमची भाची आवडीने बघते. 'मीन गर्ल्स' तर तिला पाठ आहे. तिथे कोण पॉप्युलर, कोण नाही, यावरच सगळी मारामारी. आपल्याला ते उथळ वाटतं. पण निदान तिथे गोष्ट मुलींची असते. त्या चुकतात, भांडतात, बदनाम होतात, आणि पुन्हा त्याच शाळेत ताठ मानेने फिरतात. बॅच बदलून गोष्ट संपत नाही.

आपल्याकडे 2016 मध्ये 'सैराट'ची आर्ची आली. बुलेट चालवणारी, ट्रॅक्टर चालवणारी, स्वतः पुढाकार घेणारी. अख्खा महाराष्ट्र तिच्यावर फिदा. शेवटी तिचं आणि परशाचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पडद्याबाहेर रिंकू राजगुरू तेव्हा शाळकरी मुलगी होती. गर्दीमुळे तिला नेहमीसारखं शाळेत जाणं कठीण झालं आणि दहावीची परीक्षा तिने बाहेरून दिली. निकाल लागल्यावर तिचे टक्के ही राज्याची बातमी झाली. एका पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीचे मार्क चहाच्या टपरीवर चघळायचा अधिकार आपल्याला कोणी दिला होता?

हे सिनेमे वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पुन्हा लागले तर पुन्हा बघेन. माझं भांडण आपल्याशी आहे. पडद्यावर दगडूला टाळ्या वाजवणारे आपण, घरात मात्र लगेच प्राजक्ताचे वडील होतो. आणि वर म्हणतो, "तिच्या भल्यासाठीच."

जेवणं झाल्यावर मी आत गेलो. भाची पुस्तक उघडं ठेवून नुसती बसली होती. म्हणाली, "मामा, बॅच बदलल्यामुळे सगळ्यांना वाटतंय की माझंच काहीतरी चुकलं. चुकलं काय ते तरी सांगा ना." माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे?

उद्या संध्याकाळी मी आणि ताई क्लासमध्ये जाणार आहोत. दोनच मागण्या आहेत. एक, तिची जुनी बॅच परत द्या. दोन, फोटो कापून फिरवणाऱ्याला सगळ्यांसमोर नको, पण समोर बसवून समज द्या. शेजारी उभ्या राहिलेल्या मुलाविरुद्ध आमची काहीही तक्रार नाही. त्यानेही काही केलेलं नाही.

आणि पेठेतल्या मित्रमंडळींना एक विनंती. असा एखादा फोटो तुमच्या ग्रुपवर आला तर 'बघा हल्लीची मुलं' असं लिहून पुढे ढकलू नका. तिथेच थांबवा. आपण सायकलवरून चकरा मारत होतो ते दिवस आठवा, आणि ज्यांच्या दारावरून मारत होतो त्या मुलीही आठवा. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा. तुमची बाजू आम्ही तेव्हा ऐकली नव्हती.