वृद्धांस पुरावा नको काय?

कोव्हिडच्या विषाणूनें रूप पालटलें कीं लसही पालटावी लागते, हें आतां शाळेंतल्या मुलांनाही ठाऊक आहे. वाद निराळाच आहे. पालटलेली वर्धक मात्रा मुख्यतः ज्यांना द्यावयाची, त्या वृद्धांवर व जुनाट दुखण्यांनीं जर्जर झालेल्यांवर तिची नीट पारख व्हावी कीं नाहीं?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें ऑगस्ट २०२२ मध्यें ओमिक्रॉनच्या नव्या वाणाच्या मात्रेस परवानगी दिली, तेव्हां नेमक्या त्या मात्रेचा पुरावा उंदरांवरचा होता. माणसांवरचा होता तो तिच्या थोरल्या भावंडाचा. घाईचे दिवस होते, म्हणून तें आम्ही सोडून देतों. परंतु मे २०२५ मध्यें त्याच प्रशासनाच्या धुरीणांनीं जाहीर केलेलें धोरण वाचून आम्ही थक्क झालों. पासष्टीच्या आंतील निरोगी माणसाकरितां खरीखुरी चाचणी हवी, म्हणजे लस घेणारे व न घेणारे यांत आजारी कोण पडतो तें मोजावें. पासष्टीपुढील माणसाकरितां मात्र रक्तांत प्रतिपिंडें वाढलेलीं दिसलीं कीं पुरे! ज्याच्या जिवाला धोका अधिक, त्याच्या वांट्याला पुरावा कमी.

यावर ठरीव उत्तर येतें: वृद्धांना मिठाचें पाणी टोंचून आजाराच्या तोंडीं देणार काय? मुळींच नाहीं, तसें कोणी सुचविल्यास आम्हीच प्रथम विरोध करूं. पण चाचणीची तेवढी एकच तऱ्हा आहे, असें कोणीं सांगितलें? डेन्मार्कांत २०२२ पासून तीन हिवाळे ६५ वर्षांच्या व त्यापुढील ३,३२,४३८ माणसांवर इन्फ्लुएंझाच्या लसीची चाचणी झाली. निम्म्यांस नेहमींची मात्रा, निम्म्यांस चौपट जोराची. वंचित कोणीच नव्हतें. रुग्णालयांत कोण गेलें तें सरकारी नोंदवह्यांतून कळलें. जोराच्या मात्रेनें प्रतिपिंडें अधिक वाढतात, हें तर आधींच सिद्ध होतें. तरीही इन्फ्लुएंझा किंवा न्यूमोनियामुळें दाखल झालेल्यांचें प्रमाण एकीकडे शेंकडा ०.६८, दुसरीकडे ०.७३, निर्णायक असा फरक नाहींच. (नुसत्या इन्फ्लुएंझाचे रुग्ण मात्र जोराच्या मात्रेंत कमी आढळले, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.) रक्ताच्या नळीकडे पाहून हें कोणास सांगतां आलें असतें?

विषाणू दरसाल पालटतो, चाचणीस वेळ कुठें, असें म्हणणारांस आमचें सांगणें आहे कीं वेगळा वेळ नकोच. मात्रा द्यावयाची आहेच. देतांना निम्म्यांस यंदाची, निम्म्यांस गतसालची द्यावी आणि हिवाळा सरेपर्यंत नोंदवही उघडी ठेवावी.